आजचीच फुलं

अबू धाबी विमानतळाच्या कार्गो काउंटरवर माझ्यापुढे एक सासू-सून उभ्या होत्या.

"घरी सत्यनारायण आहे, मुग्धा. हार आणायला निघालो आणि तू इथे बिअरची फुलं सोडवत बसलीस."

"हॉप्स, आई. काल वेलीवरून तोडलेत. आजच बिअरच्या उकळत्या रसात पडले नाहीत, तर खलास."

"उद्या टाक."

"शिळी फुलं तुम्ही देवाला वाहता?"

"देवाशी तुलना नको. पूजेला निखिलशेजारी कोण बसणार?"

"मागच्या वर्षी तो मीटिंगला गेला, तेव्हा त्याच्या जागी सुपारी ठेवून तुम्ही मला एकटीला बसवलंत."

"त्याचं ऑफिस होतं."

"माझी ब्रुअरी आहे. सुपारी कुठल्या डब्यात आहे, ते तुम्हाला माहीत आहे."