एकही खाडा नाही

तुम्हाला सांगतो, मध्यंतरी मी माणूसच नाही असं ठरलेलं.

दोन वर्षं मी रोज सकाळी सातला टिटवाळ्याच्या घराच्या गॅलरीतून पक्षी मोजून संशोधनाच्या अ‍ॅपवर नोंद टाकतोय. एक दिवस खातंच बंद. फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "काका, नोंदी एआय तपासतो. त्याला तुम्ही रोबो वाटलात."

"मला न विचारताच बंद?"

"रोज तीच वेळ, तीच जागा, एकही खाडा नाही. माणूस कधीतरी गावाला जातो, घरी कुणी पाहुणे येतात."

खातं सुरू करून देताना ती म्हणाली, "अधूनमधून एखादा दिवस चुकवत जा."

परवा चुकवला. दिवसभर फोन जवळ घेऊन बसलो. का चुकवला, कुणी विचारलं नाही. त्या एआयनेसुद्धा.