शेवटची चौकट

परत तेच काय सांगायला लावता रे? ऐका एकदाचं.

सेक्टर बत्तीसजवळच्या शाळेच्या भिंतीवर मी मूलद्रव्यांचा तक्ता रंगवला. तिथल्या केमिस्ट्रीच्या बाईंनी नमुना दिला, तसाच उतरवला. शेवटच्या चौकटीत यू-यू-ओ होतं, तेही काढलं. दुसऱ्या दिवशी बाई पोरांसमोर कडाडल्या, "अंकलजी, अनपढ हो क्या? लॅब में बनाया हुआ एलिमेंट है, यू-यू-ओ तो कच्चा नाम था! पक्का नाम रखे सालों हो गए, अब ओ-जी लिखते हैं!"

चाळीस वर्षं पाट्या रंगवतोय, असं कुणी बोललं नव्हतं. त्यांचाच जुना नमुना त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, "मॅडमजी, नामकरण में मुझे बुलाया था क्या?"

पोरं खिदळली. मी चौकट पुसून ओ-जी काढलं. माफी मात्र अजून मागितली नाही, त्या केमिस्ट्रीच्या गिल मॅडमनी.