सोपा चढ कुणी खोडला?

"नकाशा बदलणारा साहेब लबाड आहे!" मारिबोर शहरातल्या बसथांब्यावर म्हातारी तेरेझिया शेजारणीजवळ कडाडली. मागे उभ्या ब्रांकोने कान टवकारले.

"कसला नकाशा गं?" शेजारणीने विचारलं.

"द्रावा नदीवर पायी-सायकलींचा पूल होतोय ना, त्याचा. ती इंजिनिअर पोरगी आमच्या म्हाताऱ्याच्या व्हीलचेअरमध्ये स्वतः बसली. काठाचा चढ चढताना तळहात सोलले तिचे! मग तिने नकाशात पुलाचा चढ लांबवून सोपा केला."

"पोरगी आहे की वाघीण!"

"साहेबाने तो खोडून पुन्हा खडा चढ काढला. काठावर मोटारी लावायला जागा हवी म्हणे!"

"अगं, मग म्हातारा पलीकडे जाणार कसा?"

"तीन वर्षं पलीकडचा बाजार बघितला नाही त्याने. आज त्याची ही रिकामी खुर्ची साहेबाच्या कचेरीत नेतेय."

बस आली. ब्रांकोने न विचारताच खुर्ची आत चढवली.

"साहेबाला म्हणणार," तेरेझिया म्हणाली, "बसा हिच्यात, तुमचा चढ चढा आणि सांगा, त्या पोरीचं काय चुकलं?"