राहिलेली मूठ

चांगुणा : ...तर मी तुला माफ केलंय, सुवार्ता. समदं. आता तू निस्तं 'बरं' म्हन, मंजी आमी निघतो.

सुवार्ता : कशाबद्दल?

चांगुणा : काय कशाबद्दल?

सुवार्ता : माफ कशाबद्दल केलंत? सलाम नाही, काही नाही, दारातून आलात त्या माफ करतच आलात. मी काय केलं होतं ते कळलं, तर 'बरं' कुठं म्हणायचं ते तरी ठरवता येईल.

कोंडीराम : सुवार्ताबाई, चहात साखर कमी टाक. मला शुगर हाय.

सुवार्ता : चहा ठेवलेला नाही, मामा.

कोंडीराम : ठेवशील तवाचं म्हनतोय मी.

चांगुणा : तुमाला चहा प्यायला आनलंय का, मामा? चर्चच्या मंडळीचे वडील म्हून साक्षीला आनलंय. तुमी निस्तं ऐका.

कोंडीराम : ऐकतोय की. एका कानानं. दुसरा कवाच गेला.

चांगुणा : आन् तू गं, इसरलीस व्हय? शांतवन भावजींना माती दिली त्या दिशी? समदं गाव हुतं, श्रीरामपूरवरनं माजा भाऊ आल्ता. तू मूठभर माती उचलली आन् हानली माज्या तोंडावर. डोळ्यात गेली, दातात गेली. नवी साडी. सख्ख्या जावंनं सख्ख्या भावादेखत! ते मी माफ केलं.

सुवार्ता : नवी नव्हती. छबूबाईच्या मयतालाही तीच होती.

चांगुणा : बघा मामा, साडीवर चाललीय!

सुवार्ता : आणि त्याच्या आधी काय झालं? माती काय आपोआप उडाली?

चांगुणा : त्याच्या आधी मी तुला सावरलं. चक्कर येऊन खड्ड्यात पडाया लागलीस, मी धरलं तुला.

सुवार्ता : धरलंत. आणि धरून काय बोललात?

चांगुणा : ते जाऊ दे आता.

सुवार्ता : मामा, तुम्ही होतात तिथं. काय बोलल्या ह्या?

कोंडीराम : मी आजचा साक्षीदार हाय, बाई. तवाचा न्हाई.

सुवार्ता : मग मीच सांगते. पेटी खाली गेली, पाळकसाहेबांची प्रार्थना संपली, आणि ह्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा म्हणाल्या : "आमी उपास धरले, रातरात जागून प्रार्थना केल्या. घरातल्या बाईचाच विश्वास कमी पडला, म्हून आमचा दीर गेला." मी इतके महिने ह्यांना नगरला डायलिसिसला नेत होते. बसमध्ये मांडीवर डोकं घेऊन. आणि कमी पडला माझा विश्वास.

चांगुणा : दुक्कात मानूस काय बी बोलतं.

सुवार्ता : तुम्ही दुःखात नव्हता, जाऊबाई. तुम्ही रंगात होता.

चांगुणा : जीभ बघा हिची! मला तुज्या अंगनवाडीतलं पोर समजू नको. हे बघ, उद्या प्रभुभोजन हाय. आज तयारीच्या उपासनेत पाळकसाहेब म्हनले, ज्याचं कुनाशी वाकडं असंल त्यानं आदी जाऊन मिटवावं, मंगच भाकरीला हात लावावा. माजं गावात तुज्याबिगर कुनाशी वाकडं न्हाई.

सुवार्ता : गावात? तुमच्याशी तुमची म्हैससुद्धा धड वागत नाही.

कोंडीराम : म्हशीचं खरं हाय. मागं मलाच सांगत हुती.

चांगुणा : हसा. पन मी काय हौसंनं आले न्हाई. पाळकसाहेबांनीच धाडलंय, मेळ करून ये म्हून.

सुवार्ता : मग त्यांना सांगा, सुवार्ता चर्चला येतच नाही. तिच्याशी मेळ नसला तरी कोणाचं अडत नाही. भाकर खा, प्याला घ्या, सुखी राहा.

चांगुणा : तसं चालत न्हाई.

सुवार्ता : आजवर कसं चाललं? हे गेल्यापासून दर वेळी पुढच्या बाकावर बसून घेतच होता की. तेव्हा नाही माती दातात आली?

कोंडीराम : न्हाई घेत त्या.

चांगुणा : मामा!

कोंडीराम : भाकरीचं ताट मीच फिरवतो ना, मला ठाव हाय. ईस्टरपासनं ह्या बाई ताट नुसतं म्होरं सारत्यात. आन् पाळकसाहेबांनी कुनाला धाडलं-बिडलं न्हाई. ह्यांनीच मला वट्यावरनं उठवून आनलं.

चांगुणा : तुमाला ऐकाया आनलं हुतं! ऐकू येतं एका कानानं, आन् तोंड मातुर पुरतं चालतंय.

सुवार्ता : ईस्टरपासून? म्हणजे प्रवीणचा हात...

चांगुणा : माज्या पोराचं नाव काढू नको.

सुवार्ता : का नको? पुतण्या आहे माझा. ह्याच घरात वरण-भात खाऊन मोठा झालाय. नागापूरला कारखान्यात मशीनखाली हात गेला त्याचा, आणि मला कोणाकडून कळलं? भाजीवालीकडून! धावत नगरच्या दवाखान्यात आले, तर थोरल्या दिरांनी मला जिन्यातूनच परत पाठवलं.

चांगुणा : मीच सांगितलं हुतं त्यांना.

सुवार्ता : माहीत आहे मला.

चांगुणा : तू आत आली असतीस तर म्हनली असतीस...

सुवार्ता : काय म्हटलं असतं?

चांगुणा : मी तुला म्हनले तेच.

सुवार्ता : की आईचा विश्वास कमी पडला?

चांगुणा : व्हय.

सुवार्ता : आलं होतं मनात. खोटं कशाला बोलू? एस.टी.तून उतरल्यापासून तोंडात घोळवतच जिना चढत होते.

कोंडीराम : देवा रे. बाई, आता तरी ठेव चहा.

सुवार्ता : पण बोलले नसते.

चांगुणा : कशावरनं?

सुवार्ता : नाही सांगता येत कशावरून. कदाचित बोललेही असते.

चांगुणा : तू बोलायची गरजच न्हाई पडली. मीच बोलले.

सुवार्ता : कोणाला?

चांगुणा : त्यालाच. पोरगं सुदीवर आलं, हाताच्या जागी बघितलं, म्हनलं, "आये, असं का झालं गं?" आन् माज्या तोंडातनं निगालं. सवयच लागलीय ना जिभंला. म्हनले, "तुजा विश्वास कमी पडला, बाळा. रविवारचा ड्यूटीला जायचास."

सुवार्ता : अगं बाई.

चांगुणा : तवापासनं तोंड भिंतीकडं. बापाशी बोलतो, माज्याशी न्हाई. मी ताट ठिवलं की उठून जेवतो, मी गेल्यावर. काल एकदाच बोलला.

सुवार्ता : काय म्हणाला?

चांगुणा : "काकूनं माती हानली ते बरं केलं. मला हात असता, तर मी बी हानली असती."

(सुवार्ता उठते आणि चहाचं आधण ठेवते.)

कोंडीराम : साखर...

सुवार्ता : आहे लक्षात.

चांगुणा : तू चल. सांग त्याला. तुजं ऐकंल तो.

सुवार्ता : काय सांगू? देवाचा काहीतरी हेतू असेल म्हणून? मला तेच सांगायला आलं होतं सगळं गाव. एकेक जण पिठलं-भाकरी घेऊन यायचं आणि बरोबर एक हेतू. पिठलं खाल्लं मी. हेतू परत पाठवले.

कोंडीराम : मी निस्तं पिठलंच आनलं हुतं.

सुवार्ता : म्हणून तर तुम्हाला चहा.

चांगुणा : तुला कशाचा हेतू पटंल? तू देवच सोडलास.

सुवार्ता : कोणी सांगितलं? मी तुम्हाला सोडलं. तुमच्या शेजारचं बाक सोडलं. देवाला रोज पहाटे धरते, भांडी घासता घासता. असं बोलते त्याला, की तुम्ही ऐकलंत तर मंडळीतून नाव काढाल माझं.

चांगुणा : काय बोलतीस?

सुवार्ता : ह्यांना का नेलंस, म्हणून विचारते.

चांगुणा : मंग? सांगतो का?

सुवार्ता : नाही.

चांगुणा : तरी रोज इचारतीस?

सुवार्ता : तो कुठं जाणार? आणि मी तरी कुठं जाऊ? पहिलं वर्ष नुसतं भांडण होतं. आता भांडता भांडता मध्येच आभार मानून जाते, पोरीला नोकरी लागली म्हणून, गुडघा कमी दुखला म्हणून. मग माझाच मला राग येतो. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच बसते, मोरीपाशी.

चांगुणा : हेच सांग त्याला. आसंच्या आसं.

सुवार्ता : सांगेन. आधी तुम्ही मला सांगा.

चांगुणा : काय?

सुवार्ता : तुम्हाला ठाऊक आहे काय ते. मामा, चांगला कान इकडं करा.

चांगुणा : ...कमी नव्हता.

सुवार्ता : कोणाचा?

चांगुणा : तुजा. तुजा विश्वास कमी नव्हता. दीर किडनीनं गेला. झालं समाधान?

सुवार्ता : आणि प्रवीणचा हात?

चांगुणा : मशिनीनं गेला. मशिनीनं गेला गं माज्या लेकराचा.

कोंडीराम : ऐकलं मी. दोनी कानांनी.

सुवार्ता : मी माफ केलं असं म्हटलेलं नाही, जाऊबाई.

चांगुणा : न्हाई म्हनलंस.

सुवार्ता : आणि मातीबद्दल माफी मागणार नाही.

चांगुणा : नको मागू.

सुवार्ता : पण ती मूठ ह्यांची होती. तुमच्या तोंडावर गेली ती ह्यांच्या पेटीवर जायची होती. अख्ख्या गावानं माती दिली, बायकोचीच राहिली. ते मला रात्री टोचतं. उद्या उपासनेच्या आधी कबरस्तानात जाऊन येणार आहे मी.

चांगुणा : मी येऊ?

सुवार्ता : या. लांब उभ्या राहा.

कोंडीराम : आन् साडी जुनीच नेसा.

चांगुणा : गप बसा हो! ...मंग तिथनं उपासनेला येशील? बाकावर?

सुवार्ता : एक माणूस मध्ये सोडून बसेन. प्रवीणला बसवा मध्ये.

चांगुणा : तो येत न्हाई. बापाला म्हनला, प्रभूची भाकर डाव्या हातात कशी घेऊ? लोक बघत्याल.

सुवार्ता : चहा घ्या. घेऊन निघू. मी बोलते त्याच्याशी.

चांगुणा : काय बोलशील?

सुवार्ता : काकूनं ती माती डाव्या हातानं मारली होती, एवढंच.

चांगुणा : डाव्या? तू कुठं डावरी?

सुवार्ता : नाहीच. उजवा तुम्ही धरला होतात.