औताडे सरांची फिल्म

समारंभाच्या अध्यक्ष प्राचार्या करुणाताई, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती डॉ. बद्रीनाथ औताडे सर, सरांच्या पत्नी सुरेखाकाकू आणि सभागृहातील सर्वांना माझा नमस्कार. मी सुलेखा, सरांची शेवटची पीएच.डी.ची विद्यार्थिनी.

तुमचे सर करतात तरी काय, असं गावी बिडकीनला माझी आई विचारायची. मी सांगायचे, प्लास्टिकमध्ये वीज जपतात. फेरोइलेक्ट्रिक पॉलिमरची फिल्म कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ असते. तिला ताणून मोठा व्होल्टेज दिला, की आतले रेणू एका दिशेला तोंड करून बसतात. मग नुसती टिचकी मारली तरी ती वीज देते आणि संगणकावरची रेघ उसळते. प्रत्येक नव्या विद्यार्थ्याचं स्वागत सर या टिचकीनंच करत. पण फिल्मला बोट लागलं, की संपलं, सर लगेच म्हणत, "चिमट्यानं धर. पातळ हाय म्हणून हलकं समजू नको. लई दिवस ध्यानात ठेवतं ते."

किती दिवस ठेवतं, म्हणजे रेणूंची ती दिशा किती काळ टिकते, हाच माझा प्रबंध. त्यासाठी सरांनी दहा वर्षांपूर्वी केलेली एक फिल्म जपून ठेवली होती. शेवटचं मोजमाप तेवढं राहिलं होतं.

सन्मानचिन्हात सरांच्या हातचं काहीतरी असावं, असं प्रयोगशाळेतल्या आमच्या धाकट्या विद्यार्थ्याला, बुद्धभूषणला वाटलं. यात चूक ती काय? त्यानं तीच फिल्म उस्मानपुऱ्यातल्या दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली आणि सन्मानचिन्हात बसवली. जपायची वस्तू म्हटली, की आपल्याकडे ती आधी लॅमिनेट होते. तापवल्यावर फिल्ममधली मांडणी विस्कटते, हे त्यानं परीक्षेत लिहिलेलं आहे. दुकानात आठवलं नाही.

काल तो रडवेला होऊन म्हणाला, "ताई, सन्मानचिन्हाला मागून नवी फिल्म जोडू का? सरांना नाय कळणार." मला मोह झाला, हे लपवत नाही. रेघ उसळली असती, माझा प्रबंधही मार्गी लागला असता. पण मी त्याला नको म्हटलं. दहा वर्षं जुनी फिल्म आता मी कुठून आणू? मला फार वाईट वाटतंय, सर. पण त्याला रागावू नका.

समारंभासाठी राबलेल्या सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या दिवशी हे बोलायला नको होतं, असं कुणाला वाटलं असेल, तर लहान समजून पोटात घाला.

सर, आता सन्मानचिन्ह तुमच्या हाती येईल. त्याच्या तारा मागच्या पडद्याला जोडल्या आहेत, दुसरं काहीही जोडलेलं नाही. रेघ हलणार नाही. तरी टिचकी मारा. प्रबंधात मी शून्य लिहीन आणि कारणही लिहीन, पण ते शेवटचं मोजमाप मला तुमच्याच हातचं हवं आहे.