अजिनाथचा परकर

...नातीचाच हाय हो मास्तर, किती येळा सांगू — कमरंची नाडी तशीच ऱ्हाऊ द्या, निस्ती खाली पट्टी जोडून लांबी वाढवा. कापड जुनं हाय पन विरलं न्हाई, तीस वर्सं पेटीत हुतं. माप? माप ह्या चड्डीवरनं घ्या... असं काय बघताय? व्हय, पुढं चेन हाय, दिसतंय मला. पोराचीच चड्डी हाय. बरं, नातू हाय माजा — सत्यवान, पाच वर्साचा. झालं समाधान? हळू बोला पन, मागं बाकड्यावर आमच्याच आळीतल्या बाया बसल्यात.

तुमाला वाटंल, कडूबाई म्हातारपनी चळली. मंग ह्यो परकर कुनाचा? माज्या अजिनाथचा! त्याच्या आदीची दोन लेकरं गेली, म्हनून ह्यो झाल्यावर नाक टोचलं, येनी घातली, पाच वर्सं परकर नेसवला — नजर लागू नये म्हनून. सारी आळी "ये गं ठमे" म्हनत उचलून घ्यायची. कुनी नाव ठिवलं न्हाई. माज्या भ्यापायी नेसवला तवा चाललं, आन सत्या हौसंनं मागतो तर मलाच लाज वाटाया लागली. माजं मलाच कळंना.

लेक माजी जया, सुप्याला कंपनीत हाय. नवरा सोडला तवा सत्या पोटात हुता. आता रेबेकाबरं ऱ्हाती — न्हाई हो, निस्ती मैतरीन न्हाई, जोडीदारीन. संसार हाय दोघींचा. सत्या दोघींनाबी आईच म्हनतो. नवरा कोन न् बायको कोन, मी बी इचारलं हुतं तोंड वर करून. रेबेका हसली. म्हनली, "आई, गाडी जया चालवती, भाकरी मी थापते, आन भांडी जिला गावतील तिनं घासायची." त्या घरात लेकराला बाहुली बी हाय, ट्रॅक्टर बी हाय. रडलं तर "पोरीवानी रडू नगं" म्हनत न्हाईत, जवळ घेत्यात, पानी देत्यात. चांगलं चाललंय की, मला काय डोळे न्हाईत? — पन जिवाला चैन न्हाई बगा, हात शिवशिवत्यात माजे.

गेल्या महिन्यात दोघींची शिफ्ट एकदम लागली, म्हनून सत्या आठ दिस माज्याकडं हुता. केस खांद्याला लागलेले, त्याला आवडत्यात म्हनून ठिवलेले. मी काय केलं? जावळ ऱ्हायलंय म्हनलं, न्हावी बोलावला, मामाच्या म्हंजी अजिनाथच्याच मांडीवर बसवला, गोडाचं जेवान केलं. लेकीला फोन? इसरले... न्हाई, इसरले न्हाई, मुद्दामच केला न्हाई. लेकरू "नको गं आजी, नको गं" म्हनत हुतं, आन मी हसत हुते — जावळाला सगळीच रडत्यात म्हनून. मंग अजिनाथ भरल्या ताटावरनं उठला. म्हनला, "आई, माजी येनी कापलीस तवा मी बी असाच वरडत हुतो. तू तवाबी हसत हुतीस." मला आठवंना, मास्तर. परकर घडी घालून जपला, आन पोराचं रडनं तेवढं आठवंना.

तवापासनं सत्या डोक्याला टॉवेल बांधून हिंडतो, पाठीवर सोडतो केसावानी. माज्याशी बोलत न्हाई. जया म्हनली, "केस येतील आई. त्यो तुज्याजवळ येतो का, ते तू त्यालाच इचार." उद्या चाललेय सुप्याला. परकर घेतो का तोंडावर फेकतो, काय ठावं — लई भ्या वाटतंय.

आं? पावतीवर काय लिवलं — 'कडूबाईची नात'? खोडा ते. व्हय, मीच सांगितलं हुतं, आता मीच सांगते, खोडा. सत्यवान लिवा. नातू. ऐकलं का गं बायांनो, नातवाचा परकर हाय! — आन मास्तर, तुमी माज्या तोंडाकडं काय बघताय? मशीन चालवा.