पाय चार्जिंगला

शिकागोच्या बाल न्यायालयाबाहेरच्या बाकावर डेल्फीन भाच्याच्या तारखेसाठी ताटकळत बसली होती. शेजारी एक आजी आणि तिची पंधरा वर्षांची नात टिआरा.

"ग्रॅनी, पाय थरथरतोय."

"घाबरू नकोस."

"मी नाही गं, कोर्टाने पायात अडकवलेला पाळतीचा पट्टा. बॅटरी संपत आली."

"निघताना चार्ज करायला काय झालं होतं?"

"केला होता की! नऊची वेळ दिली होती. आता दीड वाजला."

"बंद पडला तर?"

"मी पळाले असं लिहितात. मागच्याच वेळी बजावलंय, पुन्हा झालं तर परत कोठडीत."

"पळालीस? अगं, तू त्यांच्याच दारात बसलीयस!"

"बंद पट्टा ते कसं सांगणार?"

"त्या चिप्सच्या यंत्रामागे पॉइंट आहे बघ."

"त्यात यंत्राची पिन आहे."

"मग उपट ती. हा घे चार्जर. बाई, जरा सरकता का? नातीचा पाय चार्ज करायचाय."

डेल्फीन सरकली. मग तिने अंगातला कोट काढून मुलीच्या पायावर, वायरीसकट पांघरला.

"टिआरा, पट्ट्याचा दिवा?"

"लालच आहे अजून."

तेवढ्यात शिपाई आला.

"यंत्र कोणी बंद केलं? माझे चिप्स अडकलेत आत!"

आजी तोंड उघडणार, तोच डेल्फीन म्हणाली, "मी. मला शुगर आहे, आणि ते चॉकलेट सकाळपासून माझ्याकडे बघतंय."

"मग लावा परत!"

"लावते ना. नऊच्या माणसांना आत बोलावलंत, की लगेच."